परवाची फाईल

मी मूळची कुडपणची, वरच्या पठारावरची. आमच्याकडं गुरं, नाचणी, वरी, आणि कशालाबी खाली पोलादपूरला उतरायचं, मीठ संपलं तरी उतरायचं, ताप आला तरी उतरायचं. बाप लवकर गेला, आईनं गुरं राखून आमा दोघांना वाढवलं, मला आणि दादाला. दादा आता पोलादपूर ते कुडपण जीप चालवतो, माणसं भरून. मला आईनं महाडला शिकायला ठेवली, बारावी झाली, कंप्युटरचा कोर्स झाला, आणि लग्न झालं नात्यातल्या माणसाशी. नात्यातला म्हंजे नाते गावचा हो, नात्यागोत्यातला नाय. सगळे फसतात. शब्दच फसवे असतात, पन ते मला तेव्हा कुठं कळलं व्हतं.

आमच्या ह्यांचं महाडला हायवेला गॅरेज. पाना हे धरतात, लॅपटॉप मी. आता तुमाला वाटेल गाडीत लॅपटॉपचं काय काम, तर काय सांगू ताई, आजकाल गाडीला स्वतःचा कंप्युटर असतो, पत्र्याच्या डबीएवढा, त्यात चिप, आणि त्या चिपमदी आकडे लिवलेले असतात, किती डिझेल सोडायचं, कधी सोडायचं, इंजिन तापलं तर काय करायचं. चढाला गाडी ओढत नसली की आमी वायर लावून ते आकडे बाहेर काढतो, थोडे बदलतो, परत भरतो. मग हे गाडी घेऊन सव गावच्या रस्त्याला जाऊन येतात, येतात आणि म्हंतात, दुसऱ्या गियरला दम नाय गो. मी परत बदलते. असं चार-चार, पाच-पाच वेळा. दर वेळची फाईल निराळी, आणि तिला नाव द्यायचं.

नावं कशी दिलेली, ऐकाल तर हसाल. ओरिजनल. मग नवी. मग नवीन नवी. मग शेवटची. मग खरी शेवटची. एकदा ह्यांनी आता बास अशी फाईल ठेवलेली आणि तिच्या पाठी आता बास दोन. मी म्हंटलं, अहो बारसं तरी नीट करा. तर म्हंतात, माझ्या डोक्यात हाय सगळं. डोक्यात हाय! तेच डोकं महाग पडलं बघा.

तर दादाची जीप. चढाला माणसं भरली की रडायची. शनवारी ह्यांनी तिची फाईल बनवली, सवला फिरवून आणली, एक नंबर झाली, पन आकडे एकदा नीट तपासायचे व्हते आणि दादाला घाई, म्हणून ओरिजनल परत भरून गाडी सोडली, म्हंटलं सोमवारी ये, मग कायमची टाकू. सोमवारी सकाळी ह्यांना वाटलं अजून थोडा दम काढावा, म्हणून आणखी एक फाईल केली. अर्धीच केली. इंजिन तापल्यावरचे आकडे भरलेच नायत, बुधवारी रिकामी गाडी पळवून मग भरणार व्हते. आणि नाव काय दिलं? परवाची. बुधवारी बघायची म्हणून परवाची. मला बोलले नायत. आणि हे गेले बिरवाडीला सामान आणायला.

दुपारी दादा आला. आई संगती, तिचे डोळे दाखवायला महाडला आणलेली. म्हंटला, बाय गो, पटकन टाक, पोलादपूरला माणसं खोळंबलीत. मी ह्यांना फोन केला, कंची टाकू? हे म्हंटले, परवाची टाक. लॅपटॉप उघडला तर समोर परवाची. मला जराबी शंका आली नाय हो. शंका यायचं कारणच काय? भरली. आईच्या हातात चहा दिला, दादानं गाडी चालू केली, म्हंटला, वा, हरणासारखी धावतेय. आई पुढं बसली. मी हात केला.

तासाभरानं फोन. दादाचा आवाजच वळखू येईना. म्हंटला, गो बाय, गाडीत काय टाकलंस?

ताई, ऐका. कुडपणच्या चढाला, वळणावर, इंजिन तापलं आणि एकदम बंद. इंजिन बंद म्हंजे ब्रेकबी दगडासारखा कडक. गाडी पाठी जायला लागली. आत नऊ माणसं, एका बाजूला दरी. दादानं सगळा जीव लावून स्टेरिंग डोंगराकडं मारलं, पाठचं चाक चरात गेलं, गाडी आदळून थांबली. माणसं वाचली. आईचा उजवा हात मोडला, मनगटात.

हे आले तशी मी दारातच उभी. म्हंटले, कंची टाकलीस? मी म्हंटलं, परवाची. म्हंटले, मग बरोबर हाय, शनवारचीच ना? आणि स्क्रीन बघितली आणि खालीच बसले, तेलकट जमिनीवर. म्हंटले, मी शनवारची म्हंटलेलो. मी म्हंटलं, तुमी बुधवारच्या फाईलीला तेच नाव दिलंत. गेलेला परवा, येणारा परवा, दोघांना एकच शब्द! जन्मभर बोलतोय आमी हा शब्द, आईनंच शिकवलेला, आणि त्यानंच आईला दरीच्या काठावर नेलं.

आता वही हाय. तारीख, वेळ, कोणी केली, काय बदललं, कुठल्या रस्त्याला बघितली. न बघितलेली लाल पेनानं. परवा हा शब्द गॅरेजात कोण उच्चारत नाय, गिऱ्हाईक बोललं तरी हे म्हंतात, वार सांगा. आणि दादाच्या जीपमदी शनवारची फाईल मीच टाकली, दोन महिन्यांनी. दादानं पुढचं दार उघडून धरलं. मी आईच्या जागेवर बसले, कुडपणपर्यंत गेले. त्या वळणावर मी डोळे मिटले, दादानं नाय मिटले, म्हणून पोचलो.

आई दारात बसलेली, हात अजून गळ्यात. फाईल काय, चिप काय, तिला कायपण ठावं नाय. दादानं तिला एवढंच सांगितलेलं, परवा शब्दानं घात केला. निघताना आईनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला, बऱ्या डाव्या हातानं, म्हंटली, सुखी राहा गो बाय, आता परत कधी येशील? माझ्या जिभेवर आलेलंच, परवा. गिळलं. म्हंटलं, बुधवारी. तर म्हंटली, कंच्या बुधवारी ते नीट सांग.