अबोला आणि मिरचीची रोपं

तुमच्या घरी अबोला झाला तर काय होते मले माहीत नाही, आमच्या घरी रोपं वाकडी होतात.

मागच्या उन्हाळ्यात जुनी मोटारसायकल विकण्यावरून मी अन् बाबा एकमेकांशी बोलत नव्हतो. तवाच आमच्या रोपवाटिकेत, हिरव्या जाळीच्या शेडनेटमध्ये, उंद्री गावच्या एका शेतकऱ्यासाठी ट्रेमध्ये मिरचीची रोपं वाढून राह्यली होती. त्यानं बजावलं होतं, "सरळ अन् एकसारखी असली तरच नेईन."

शेडनेटच्या एका बाजूले गोठ्याची भिंत आहे, म्हणून रोपं दुसरीकडं, उजेडाकडं झुकतात. रोज एकदा ट्रेची भिंतीकडची बाजू उजेडाकडं फिरवली की सरळ राहतात. मी रोज चहा पिऊन ट्रे फिरवत होतो, तरी रोपं वाकडीच!

एक दिवस चहाच्या आधी गेलो, तर बाबा ट्रे फिरवून राह्यले होते. म्हणजे ते फिरवत, अन् मागून मी पुन्हा होते तसे करून ठेवत होतो.

न राहवून म्हटलं, "बाबा, हे कव्हापासून करून राह्यले तुम्ही?"

"पहिल्या दिवसापासून. काऊन, तूबी?"

"हाव."

दोघंही हसलो. अबोला तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी मले वाटलं बाबा फिरवतील, बाबाले वाटलं मी फिरवीन. दोन-तीन दिवस ट्रेले कोणी हातच लावला नाही. रोपं पार झुकली. शेवटी आईनं पदर खोचला अन् स्वतः ट्रे फिरवाले लागली.

म्हणे, "बोलत नव्हते तवा निदान दोघंही काम तरी करत होते. रोपं उंद्रीले जाऊ द्या, मंग बोला."