शोधू म्हटलं होतं, दिसेल असं नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरील मुख्याध्यापिका सुशीलाबाई, आमच्या गाईड मंडळींचे प्रमुख यादोरावजी, आज सेवानिवृत्त होणारे आमचे इंग्रजीचे गोवर्धन सर आणि समोर बसलेल्या गावकऱ्यांनो, मी मंजू टेंभरे, याच शाळेची विद्यार्थिनी, सर्वांना नमस्कार करते.

सरांनी आम्हाला शब्दांचे अर्थ कधी घोकू दिले नाहीत. धानाच्या बांधावर न्यायचे आणि म्हणायचे, "टिटवीचं घरटं शोधा." आम्ही उन्हात डोळे ताणायचो. मग सर म्हणायचे, "हे झालं लुक फॉर. घरटं नजरेस पडलं, तर ते सी." घरटं बहुतेक वेळा सापडायचंच नाही. पण शोधणं आपल्या हातात असतं, दिसणं नसतं, हे तिथे पक्कं कळलं.

पुढे मी नागझिऱ्याच्या जंगलात सफारीची गाईड झाले. गेल्या मे महिन्यात एका पाहुण्यांना गाडीत बसतानाच मी म्हटलं, "वी विल लुक फॉर द टायगर." वाघ काही दिसला नाही. पाहुणे फाटकावर ओरडू लागले, गाईडने वाघाची हमी दिली होती म्हणून! हमी? वाघ काय माझ्या गोठ्यात बांधला आहे?

यादोरावजी म्हणाले, "माफी मांगून टाक ना वं मंजू, तुह्यं काय जाते?" हसू नका यादोरावजी, तुम्हीच म्हणालात. मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "रिग्रेट म्हणजे वाईट वाटलं. अपॉलॉजी म्हणजे चूक माझी. तुझी चूक होती?" मी म्हटलं, "नाही." सर म्हणाले, "मग वाईट वाटलं एवढंच सांग." मी पाहुण्यांना तेवढंच कळवलं. त्या दिवसापासून गाडीवर माझा नंबर लागलेला नाही.

पावसाळ्यानंतर उद्या फाटक उघडते आहे. आज इथे येताना यादोरावजींनी पुन्हा सांगितलं, "भाषनात सगळ्यायसमोर माफी मांग आन् उद्या गाडीवर बस." मला या कामाची गरज आहे, ते इथे कुणाला ठाऊक नाही? पण सर, तुमच्याकडून शिकलेलं तेवढं सोडलं, तर माझ्याजवळ उरतं काय?

उद्या पहाटे मी गणवेश घालून फाटकावर उभी राहीन. गाडी मिळाली, तर पाहुण्यांना तेच वाक्य सांगेन. नाही मिळाली, तर परवा पुन्हा येईन.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर आपली लेक समजून पोटात घाला. त्या वाक्याची माफी मात्र मी आजही मागत नाही.