दुरुस्तीला आलेलं यंत्र

—नाही हो, जळलेलं काही नाही, नुसता पट्टा सैल झालाय. बसा त्या स्टुलावर, डावा पाय तेवढा सांभाळा — स्टुलाचा म्हणतोय. तर हे तुमचं यंत्र — घरी कोणी नसलं की फोन उचलतं, निरोप टेपवर घेतं, आलात की ऐकवतं — कोणाच्या डोक्यातून निघालं? कंपनीच्या? हॅ! माझ्या! पेटंट आहे माझं, रीतसर. कंपनीवर दावा लावलाय, सोमवारी शेवटची सुनावणी आणि लगेच निकाल. बायकोला पहिल्या रांगेत बसवणार आहे. तिच्या माहेरचे मला अजून 'तो फोनवाला' म्हणतात — न्यायाधीशांच्या तोंडून ऐकू दे तिला, की हे यानं शोधलं. बास, दुसरं काही नको मला.

टेप चालू केलीय हं, मी बोलत राहतो. 'हॅलो हॅलो'नं काय कळणार? सलग बोललं की कुठे शब्द गिळतंय ते बरोबर सापडतं. तर कंपनी म्हणते, आम्ही आधी केलं. आधी? अहो, पेटंटचा अर्ज करायच्या दोन वर्षं आधीपासून माझं यंत्र याच काउंटरवर चालू होतं! लपूनछपून? छे, मी काय चोर आहे? अख्खी गल्ली यायची. समोरचा शिंपी स्वतःलाच निरोप ठेवायचा आणि संध्याकाळी येऊन ऐकायचा. मेहुण्यानं तर आतली सगळी जोडणी पेपरात छापून आणली, आकृतीसकट! आमचे वकील मात्र भित्रे. म्हणतात, हे कुठे बोलू नका — अर्जाआधी चारचौघांना दाखवलं असेल तर पेटंट टिकत नाही, रद्दच होतं. आता मला सांगा, लोकांनी बघितलं म्हणून माझं डोकं माझं राहत नाही? — हसताय काय? — नाही? बरं.

झालं. ऐका आता.

...बघा! शिंप्याचा 'शिं'सुद्धा तुटला नाही. आहे की नाही हात? पावती कोणाच्या नावानं करू? — कंपनीच्या? कुठल्या — अच्छा. त्याच. आणि तुम्ही त्यांचे... वकील.

हं.

ठेवून जाता का जरा? थोडा बिघाड आहे अजून. संध्याकाळी मी स्वतः आणून देतो, पट्टा जरा —

नाही. पट्टा नीट बसलाय. अक्षर न अक्षर आलंय.

न्या. एक करा फक्त — सोमवारी वाजवाल ना हे, तेव्हा आवाज बारीक ठेवा. पहिल्या रांगेत ती असेल.

निघा आता. स्टुलाचा पाय सांभाळा.