हँडबिलावरची नायिकेची ओळ

उंदरांनी खाल्लंय ते मॅडम, दुसरं काय — चिंचपोकळीच्या चाळीत उंदीर कमी आहेत काय? बसा ना, स्टुलावर बसा. खाटेवर ही झोपलीय, लक्ष्मी, माझी मिसेस, हिच्याच नावाचा कलावंताच्या ओळखपत्राचा अर्ज आहे तुमच्या फाइलीत. झटका आल्यापासून बोलता येत नाही तिला, उजवी बाजू गेली. तर ही हँडबिलं — अकरा आहेत, मोजून घ्या — आमच्या गिरणीच्या नाटकांची, सगळी परळच्या हॉलातली. हे बघा माझं नाव, गुणाजी, साचा खातं, म्हणजे मागांचं, नाटकात हवालदाराचं काम. दोन प्रवेश, चार वाक्यं, त्यातलं एक दर प्रयोगाला विसरायचो. आणि नायिका ही, लक्ष्मी. म्हणजे नायिकेची ओळ इथे होती, हे भोक आहे ना, तिथे.

काय काम करायची, सांगू? तिसऱ्या अंकात मुलाचं पत्र वाचायची — हातात कोरा कागद हां, सगळं तोंडपाठ — आणि पहिल्या रांगेतला आमचा जॉबर, खात्याचा मुकादम, दगड माणूस, तो टोपीने डोळे पुसायचा. लग्नानंतरही सात वर्षं केलंन. भाकऱ्या थापायची, पोराला शेजारी ठेवायची नि तालमीला पळायची. आता पैशाचं म्हणाल तर तसं काही नाही, माझं वृद्ध कलावंतांचं मानधन येतं, मुलगाही बघतो. तिला ते ओळखपत्र पाहिजे. सरकारी शिक्का, आपला फोटो, आणि खाली लिहिलेलं — कलावंत. माझं आलं गेल्या वर्षी, तर डाव्या हातात धरून बसली तासभर. काही बोलता येत नाही, नुसती बघत होती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही मॅडम.

काय म्हणालात? अकराच्या अकरांवर तेवढीच ओळ कशी... हो. कडा सरळ आहेत, बरोबर आहे तुमचं. गेल्या वर्षीच्या साहेबांनी एवढं नाही बघितलं, त्यांना माझं नाव सापडलं, झालं. कातरीने कापलंय. साच्यावर सूत तोडायला छोटी कातर असते, तिने. गावी वडलांना हँडबिलं पाठवायचो — पोरग्याचं नाव मुंबईत छापून येतं म्हणून गावभर दाखवायचे ते — आणि त्याच कागदावर सुनेचं नाव? घरची सून परक्या पुरुषाबरोबर नाटकात उभी राहते म्हटल्यावर म्हातारा जेवला नसता. म्हणून कापलं. हिला सांगायचो, छापलेली संपली, आपल्याला एकही मिळालं नाही. वडील गेल्यावर ट्रंकेत सापडली, घेऊन आलो, तेव्हाही नाही दाखवली. आणि खोटं कशाला बोलू — ते गेल्यानंतरची चार आहेत ह्यात. तीही कापली. कुणासाठी कापली? खात्यात मला लक्ष्मीचा नवरा म्हणायचे हो. माझं नावच कुणी घेत नव्हतं. गुणाजी म्हणून जगात कुठे आहे मी, तर ह्या कागदावर, मग इथे तरी मी एकटाच असावा — असं वाटायचं. तरणा होतो, अक्कल नव्हती.

प्रतिज्ञापत्र? लिहितो की, आत्ता लिहितो. नवऱ्याचं चालत नाही? बाहेरचा साक्षीदार कुठून आणू, नाटक बसवणारे मास्तर गेले, पेटीवाला गेला, गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आलाय. पेपरात तर आमचं नाटक कधी आलंच नाही. मग असं करा, तुमच्या कागदावर लिहा — पुरावा होता, नवऱ्याने कापला. माझं कार्ड घ्या, बंद करा माझं, आणि तेच तिला द्या. तसं होत नाही? नियमात बसत नाही. बरं.

नाही, खोकली नाही ती, तिचा श्वास तसाच — लक्ष्मी? कधीपासून जागी आहेस गो? मला वाटलं झोपलीस... हे मॅडमना सांगत होतो, जुनं, आपलं नाटकातलं. ऐक, मी सांगणारच होतो तुला. हात दे बघू. दे ना.

हात सोडवून घेतलान.

लक्ष्मी, इकडे बघ. एकदा बघ.

तुम्ही निघा आता मॅडम. ती हँडबिलं राहू देत तिथेच. जा तुम्ही.