सोळाव्या धड्याला कोण उभं राहणार?

माझ्या आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरील संस्थेचे सन्माननीय सचिव, पालक संघाचे प्रतिनिधी, माझे सर्व सहकारी आणि खाली दाटीवाटीनं बसलेल्या मुलामुलींनो,

माझ्याबद्दल इतकं गोड बोललं गेलं, की ही बाई कोण हे बघायला मीच दोनदा मागे वळले. सचिव साहेब म्हणाले, ‘विज्ञानाच्या बाईंनी एकतीस वर्षांत एकही धडा अपुरा ठेवला नाही.’ साहेब, ठेवला. दरवर्षी ठेवला. सोळावा, प्रजननाचा. ‘घरी वाचून या’ म्हणायचं आणि फळा पुसायचा, ही आपल्या शाळेची रीतच. घरी कोण वाचतं? आणि वाचलं, तर विचारायचं कुणाला?

त्याची शिक्षा आधी मलाच मिळाली. सहा वर्षांपूर्वी माझ्या स्तनात गाठ आली. एकटी राहणारी बाई, सांगणार कुणाला? दवाखान्यात गेले, तर समोर डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचे. जीभ रेटेना. म्हटलं, ‘छातीत दुखतंय.’ त्यांनी बिचाऱ्यांनी ईसीजी काढला. हृदय ठणठणीत! हृदयाचे चार कप्पे डोळे मिटून काढणारी मी, पण स्वतःच्या एका अवयवाचं नाव घ्यायला पाच महिने लावले. हसा, हसा, मलाही आता हसू येतं. ऑपरेशनच्या सकाळी मात्र फॉर्मवरच्या ‘जवळचे नातेवाईक’ या रकान्यापुढे मी बराच वेळ पेन धरून बसले होते.

बरी होऊन आले आणि सोळावा धडा शिकवायला घेतला. सगळी नावं फळ्यावर लिहिली. पाळी, वयात येणं, नको असलेला स्पर्श, ‘नाही’ कसं म्हणायचं, सगळं. पहिल्या दिवशी मुलं खिदळली, तिसऱ्या दिवशी नीट प्रश्न विचारू लागली. चौथ्या दिवशी पालकांची तक्रार आली आणि तास बंद झाला. शिक्षकखोलीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. मी डबा प्रयोगशाळेत खायला लागले. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तिथंच एकदा आठवीतली एक मुलगी आली. दाराची कडी धरून म्हणाली, ‘बाई, त्या धड्यातलं एक विचारू?’ मी म्हटलं, ‘तो धडा आता बंद आहे गं, बाळा.’ ‘बरं,’ म्हणाली आणि गेली. पुढच्या महिन्यात तिनं शाळा सोडली. तिला काय विचारायचं होतं, मला आजही ठाऊक नाही.

म्हणून अध्यक्षा बाई, एक मागणं आहे. हे शिक्षण वेळापत्रकात घ्या. पाचवीपासून, वयाला झेपेल तसं, मुलांना आणि मुलींना एकाच वर्गात. पालकांनो, तुम्हीही मागच्या बाकावर येऊन बसा आणि खुशाल चुका काढा. सहकाऱ्यांनो, सोमवारपासून हा तास कोण घेईल? एक हात वर करा.

कुणीच नाही? बरं. राग नाही. सात वर्षांपूर्वी मीही केला नसता. मग बाई, परवानगी द्या, सोमवारी मीच येते.

इतका वेळ ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला. त्या मुलीची माफी मात्र मला तिच्याकडेच मागायची आहे. कुणाला तिचा पत्ता माहीत असेल, तर जाताना मला सांगा.