ओला रंग

दुधाच्या रांगेत पुढचा आवाज ऐकून आक्कांनी कान टवकारले. नव्या घराच्या किल्लीसाठी फोन केला की हाच सुपरवायझर बोलायचा. सोबत रंगारी होता.

“साहेब, रंग कधीच खडखडीत वाळलाय. तिसऱ्या मजल्याच्या बाईंना किल्ली का देत नाही?”

“ओला आहे म्हणून सांगितलंय.”

“अजून किती दिवस?”

“त्यांच्या घरातल्या माळ्यावरच्या पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत. आत्ता हलवली तर मांजर बिथरेल.”

“मग खरं सांगून टाका की!”

“ऐकून घेतील तर ना! परवा फोनवर नुसत्या कडाडल्या.”

“पिल्लं किती आहेत?” मागून आक्का कडाडल्या.

सुपरवायझर गर्रकन वळला. “बाई... तुम्ही?”

“किती आहेत ते सांगा.”

“तीन.”

“मग दुधाची एक पिशवी माझ्याकडून न्या. आणि रंग सावकाश वाळू द्या.”