रुवैसचा वारा

हमदुल्ला : पुढचा प्रश्न. टाकीचं छप्पर आत बसलं. कारण काय? एक, वारा. दोन, फोरमन हमदुल्लाची माणसं. तीन, अल्लाची मर्जी. चार, प्रोजेक्ट मॅनेजर आत्माराम साहेब. बोल, एकच बरोबर आहे.

श्रीनाथ : हमदुल्लाभाई, पुस्तक द्या इकडे. हा प्रश्न त्यात नाही.

हमदुल्ला : पुस्तकात नाही, पण केबिनच्या खिडकीतून दिसतो ना! ती बघ, तीन नंबरची टाकी. काल दुपारपर्यंत डोक्यावर टोपी होती, आज परात झाली.

श्रीनाथ : दिसतंय मला.

हमदुल्ला : तुला दिसणारच. मेसमधल्या चपातीची जाडी मोजणारा माणूस तू. त्या बिचाऱ्या खानसाम्याने तुझ्यासाठी वेगळी लाटली, तीपण रिजेक्ट केलीस.

श्रीनाथ : कडेला जाड होती.

हमदुल्ला : असा माणूस टाकी इन्स्पेक्टरच्या परीक्षेला बसणार. अमेरिकेचं सर्टिफिकेट येणार, पगार वाढणार, फॅमिली व्हिसा मिळणार. जूनमध्ये कुमुदवहिनी न् पर्णिका मिरजेहून इथे आखातात येणार. आणि हे सगळं अडकलंय कशात? साहेबांच्या एका सहीत.

श्रीनाथ : अर्जावर कंपनीची सही लागतेच. माणसाचा अनुभव खरा आहे, याची. आज कुरिअरने गेला नाही, तर ही परीक्षा हुकली.

हमदुल्ला : आणि साहेब म्हणतात, आधी माझं छप्पर सांभाळ, मग तुझी सही.

श्रीनाथ : रिपोर्टात वारा लिही म्हणाले.

हमदुल्ला : वारा! अरे, परवापासून कॅम्पवर माझी लुंगी दोरीवर आहे. तिचं टोकसुद्धा हललेलं नाही.

श्रीनाथ : हळू बोला. आले ते.

आत्माराम : काय श्रीनाथ, झाला का रिपोर्ट? क्लायंटचा इन्स्पेक्टर दुपारच्या, अस्रच्या नमाजानंतर येतोय. तेव्हा टेबलावर रेडी पाहिजे.

श्रीनाथ : प्रयत्न चाललाय साहेब. एक अडचण आहे. वाऱ्याचा वेग किती लिहू?

आत्माराम : लिही काहीतरी. शंभर लिही.

श्रीनाथ : शंभरने छप्पर आत जात नाही. काही दबलंच असतं, तर बाजूचा पत्रा दबला असता.

आत्माराम : मग दीडशे लिही!

श्रीनाथ : दीडशे लिहिलं, तर शेजारच्या टाकीची परांची कशी उभी राहिली, हे विचारतील.

हमदुल्ला : पाडायची का साहेब? सांगा. जेवणाच्या सुट्टीत पाडून देतो.

आत्माराम : हमदुल्ला, तू प्लीज मध्ये बोलू नकोस. श्रीनाथ, बी प्रॅक्टिकल यार. शारजाला मॅच चालू असताना वादळ आलं नव्हतं? सगळ्या दुनियेने टीव्हीवर बघितलं.

हमदुल्ला : ते गेल्या वर्षी साहेब. शारजाहून रुवैसला यायला त्याला वर्ष लागलं?

आत्माराम : एका टाकीपुरता वारा येऊ शकतो. लोकल वारा. वाळवंट आहे हे, इथे काहीही होतं.

हमदुल्ला : बरोबर. आला, आमच्याच टाकीवर बसला, निघून गेला. पासपोर्टवर शिक्का तरी मारून घेतला की नाही?

श्रीनाथ : साहेब, मी खरंच लिहायला बसलो होतो. सकाळपासून कागदच फाडतोय. दर वेळी त्या प्लास्टिकपाशी अडतो.

आत्माराम : प्लास्टिकचा विषयच नाही. सकाळी काढून टाकायला लावलं मी. खलास.

श्रीनाथ : काढलं, पण काल बांधलेलं होतं म्हणून तर हे झालं. टेस्टसाठी टाकी पाण्याने गच्च भरलेली. खालून पंपाने पाणी ओढलं आणि वरून हवा आत यायची भोकं प्लास्टिकने बंद. पोरांनी फ्रूटीचा खोका ओढला की बसतो, तसं बसलं छप्पर.

हमदुल्ला : आणि भोकं बंद करा म्हणालं कोण? शेजारच्या टाकीवर गंज काढायला रेती मारतायत, ती माझ्या टाकीत जाईल, बांधा प्लास्टिक. मी बांधलं. मग संध्याकाळी पंपवाल्याला फोन कोणी केला? चार नंबरला पाणी पाहिजे, यल्ला यल्ला, चालू कर. मला एका शब्दाने विचारलंत?

आत्माराम : ते बघायचं काम क्यूसीचं, क्वालिटी कंट्रोलचं असतं. पाणी काढताना क्यूसीने टाकीवर हजर राहायचं असतं. श्रीनाथ, तू कुठे होतास? हेही रिपोर्टात येईल हं!

श्रीनाथ : अबुधाबी एअरपोर्टवर.

आत्माराम : ड्यूटीवर असताना एअरपोर्टवर?

श्रीनाथ : तुमच्या मिसेसना आणायला. तुम्हीच पाठवलं होतंत.

आत्माराम : ते... तो विषय वेगळा.

हमदुल्ला : फ्लाइट लेट होती ना रे? वाऱ्यामुळे.

आत्माराम : इनफ! श्रीनाथ, ऐक. वारा जमत नाही ना? नको लिहू. लेबर मिस्टेक लिही. माणसांनी कोणाला न विचारता प्लास्टिक बांधलं. दोन माणसं घरी पाठवू, क्लायंट शांत होईल.

श्रीनाथ : कोणती दोन माणसं?

आत्माराम : कोणतीही. नावं तू घाल. हा बघ तुझा अर्ज, हे माझं पेन. तू रिपोर्ट दे, मी इथे उभ्या उभ्या सही करतो. अरे, परक्या मुलखात मराठी माणसाने मराठी माणसाला सांभाळायचं नाही, तर कोणी सांभाळायचं?

हमदुल्ला : साहेब, मी काय इराणहून आलो?

आत्माराम : तसं नाही म्हटलं मी.

हमदुल्ला : राजापूरचा आहे मी. तुमच्या घरच्या गणपतीला स्टेनलेसचा चौरंग पाहिजे होता, तो माझ्याच वेल्डरने केला. दौलतने. तेव्हा आम्ही सगळे मराठी होतो. आज त्याच्या तिकिटाची गोष्ट निघाली, तर लेबर झालो?

आत्माराम : इमोशनल होऊ नकोस. श्रीनाथ, तू बोल. तुझ्या बायकोपोरीचा विचार कर.

श्रीनाथ : तोच करतोय साहेब. मला ती सही हवी आहे. इतकी हवी आहे, की माझी मलाच लाज वाटते. परवा फोनवर पर्णिका मला काका म्हणाली. कुमुदने दटावलं, तर रडायला लागली. वाऱ्याचं खोटं मला जमलं असतं ना, तर मी लिहून मोकळा झालो असतो. देवाशपथ. पण ते बसतच नाही कुठे. आणि माणसांचं खोटं बरोबर बसतं. कोणी प्रश्नसुद्धा विचारणार नाही. म्हणूनच ते मी लिहिणार नाही.

आत्माराम : मग हा कागद कसला आहे समोर?

श्रीनाथ : रिपोर्ट आहे. वाचतो. प्रोजेक्ट मॅनेजरच्या सूचनेवरून छपराची भोकं बंद केली. त्यांच्याच सूचनेवरून, ती न उघडता पाणी काढलं. त्या वेळी क्यूसी इंजिनियर टाकीवर हजर नव्हता. खाली माझी सही.

आत्माराम : आणि एअरपोर्टचं?

श्रीनाथ : ते लिहिलेलं नाही. विचारलं तर सांगेन.

आत्माराम : व्वा! व्हेरी नाइस. मग हा अर्ज आता फ्रेम करून खोलीत लाव. आणि माझ्या सहीच्या जागी तुझाच अंगठा उठव. बघू कोण तुला परीक्षेला बसवतो.

हमदुल्ला : साहेब, पेन राहिलं तुमचं... गेला. दार काय आपटलं! आता रुवैसमध्ये वारा आहे, असं लिहायला हरकत नाही.

श्रीनाथ : हसवू नका हमदुल्लाभाई.

हमदुल्ला : तू वेडा आहेस. सांगून ठेवतो, मी तुझे आभारबिभार मानणार नाही. साहेब तुला उद्या दुसऱ्या साइटवर फेकील, मग तिथल्या लोकांना चपात्यांवरून छळ.

श्रीनाथ : परीक्षा पुढच्या वेळी देता येईल. दुसरी कंपनी सही करील.

हमदुल्ला : करील, इन्शाल्ला. पण तोवर पर्णिका तुला काकाच म्हणत राहील रे. वहिनीला काय सांगणार? मी बोलू का? म्हणजे शिव्या मला बसतील.

श्रीनाथ : नको. मीच बोलतो. फोन सरकवा इकडे.

(श्रीनाथ फोनवर.)

श्रीनाथ : कुमुद, मी बोलतोय... हो, जेवलो... नाही, सही नाही झाली... नाही गं, उद्याही नाही होणार... सांगेन, मोठी गोष्ट आहे, पत्रात लिहितो... रडू नकोस ना... ऐक, ते गॅसचं कनेक्शन परत करायला जाणार होतीस ना, जाऊ नकोस. असू दे घरात.